बँकॉकमध्ये चार रात्री राहायचंय: नदीकाठचं आलिशान हॉटेल बरं की शहरातलं?

तुमची यादी अशी आहे: मँडरिन ओरिएंटल, पेनिन्सुला, कपेला, फोर सीझन्स आणि सेंट रेजिस. माणसं दोन, रात्री चार, थोडी देवळं-राजवाडा, थोडी खरेदी. विचारलंय की यांतलं सर्वांत चांगलं कोणतं. पाचही ठिकाणी गादी मऊ असणार आणि नाश्ता भरपेट मिळणार, त्यामुळे ताऱ्यांवरून काहीच ठरत नाही. बँकॉकमध्ये खरा फरक पडतो तो हॉटेलच्या दारातून बाहेर पडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत. तेव्हा तुम्ही बोटीत असता, रेल्वेत असता की गाड्यांच्या रांगेत, ते आधी बघा.

चाओ फ्राया नदीच्या या भागाचा कणा म्हणजे साथोर्न धक्का. सफान टाक्सिन हे बीटीएसचं, म्हणजे उंचावरून धावणाऱ्या रेल्वेचं स्टेशन अगदी त्याला लागून आहे. मँडरिन आणि पेनिन्सुलाच्या स्वतःच्या फुकट बोटी या धक्क्यावर ये-जा करतात. इथूनच नारंगी झेंड्याची प्रवासी बोट पकडून था तिएन धक्क्यावर उतरलात की वाट फो हे देऊळ, समोरच्या काठावर वाट अरुणचं देऊळ, आणि पुढे था चांग धक्क्यावर उतरलात की राजवाडा. म्हणजे देवळांच्या दिवशी रस्त्यावर चाक टेकवायची गरजच पडत नाही. कपेला आणि फोर सीझन्स साथोर्नच्या दक्षिणेला चारोएन क्रुंग रस्त्यावर, एकमेकांच्या शेजारी आहेत. तिथून स्टेशन चालत जाता येणार नाही इतकं लांब नाही, पण त्या दमट उन्हात कोणी चालत नाही. म्हणून हॉटेलची बोट किती मिनिटांनी सुटते आणि शेवटची फेरी किती वाजता, हे बुकिंगआधीच विचारून घ्या.

सेंट रेजिसचं बलस्थान वेगळं आहे. ते राचदामरी स्टेशनला थेट जोडलेलं आहे. तिथून सियाम, म्हणजे मॉलचा भाग, एकच स्टेशन, आणि उलट्या दिशेला गाडी न बदलता पाचव्या स्टेशनवर सफान टाक्सिन. म्हणजे शहरात राहूनही नदीपर्यंत पोचायला सोपं जातं, आणि हे लोकांच्या लक्षात येत नाही. प्लोएन चित स्टेशनजवळचं रोजवुड किंवा पार्क हयात घेतलंत तर नदीकडे जाताना सियामला गाडी बदलावी लागते. फार मोठी गोष्ट नाही, पण सामान आणि पाऊस दोन्ही सोबत असले की जाणवते.

नदीकाठचा तोटा संध्याकाळी कळतो. पाच ते आठच्या दरम्यान साथोर्न आणि चारोएन क्रुंगवर टॅक्सीत बसणं म्हणजे स्वतःहून कोंडून घेणं. त्या वेळी परतायचं तर रेल्वे आणि मग बोट. बोटीला रांग असू शकते. जेवणासाठी रोज शहरातल्या सुखुमवित रस्त्याच्या गल्ल्यांत जायचा बेत असेल, तर नदीकाठचं हॉटेल घेऊन पैसे वाया जातील.

आता काठाकाठातला फरक, जो सहसा कोणी सांगत नाही. पेनिन्सुला पश्चिम काठावर, थोनबुरीच्या बाजूला आहे आणि तिच्या सगळ्या खोल्या नदीकडे, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून आहेत. सकाळचं ऊन थेट खोलीत येतं, आणि रात्री समोरचं शहर उजळलेलं दिसतं. मँडरिन, कपेला आणि फोर सीझन्स पूर्व काठावर, त्यामुळे नदीकडच्या खोल्यांतून सूर्यास्त मिळतो, पण दुपारी काच तापते. झोप हलकी असेल तर आणखी एक गोष्ट बघा. रात्रीच्या जेवणाच्या क्रूझ बोटी ढोलताशांच्या मिरवणुकीसारखा आवाज करत जातात, आणि लांब शेपटीच्या बोटींचं इंजिन उघडंच असतं. खालच्या मजल्यांवर हे जास्त ऐकू येतं. वरचा मजला मागा.

खोल्यांबद्दल: कपेलाची सर्वांत लहान खोलीही साधारण ६० चौरस मीटर, म्हणजे साडेसहाशे चौरस फुटांच्या आसपास. एकूण १०१ खोल्या, सुइट आणि व्हिला, त्यामुळे शांतता खरी. २०२४ साली जगातल्या पन्नास हॉटेलांच्या यादीत ते पहिलं आलं आणि तेव्हापासून त्याचं नाव सगळीकडे झालं. फोर सीझन्स जवळपास तिप्पट मोठं, जास्त गजबजलेलं. दोन्ही २०२० मध्ये उघडली. मँडरिनची सुरुवात १८७६ ची. तिथे पैसे जातात ते सेवेला आणि जुन्या वास्तूच्या वातावरणाला, चौरस फुटांना नव्हे. तिथे खोली घेताना नदीकडच्या विंगमधली आहे ना, हे लेखी घ्या. त्या विंगचं नूतनीकरण २०१९ मध्ये झालं. सेंट रेजिसमध्ये रॉयल बँकॉक स्पोर्ट्स क्लबच्या हिरव्या मैदानाकडची बाजू मागा, नाहीतर समोर काँक्रीट येतं. तिथल्या बटलरकडून खोलीत चहा-कॉफी आणि पोचल्यावर काही कपड्यांची इस्त्री फुकट मिळते. विचारलं नाही तर कोणी आठवण करून देत नाही.

परीक्षणं वाचताना तारीख बघितल्याशिवाय एकही शब्द खरा मानू नका. बँकॉकमध्ये हॉटेलांची नावं बदलतात. राचदामरीवरच्या ज्या इमारतीत आज अनंतरा सियाम आहे, तिथे २०१५ पर्यंत फोर सीझन्स होतं. त्यामुळे 'फोर सीझन्स बँकॉक'ची जुनी स्तुती वेगळ्याच इमारतीची असते. दुसित थानीचंही तेच. १९७० चं हॉटेल २०१९ मध्ये बंद झालं आणि त्याच जागेवर नवीन इमारत २०२४ मध्ये उघडली.

पैशांचा हिशेब. किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली की समजा, १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ७ टक्के व्हॅट वेगळा. दोन्ही मिळून १७.७ टक्के होतात, १७ नव्हे. १८,००० बाथची (बाथ म्हणजे थाई चलन) खोली प्रत्यक्षात २१,१८६ बाथला पडते. नाश्ता वेगळा असेल आणि तो समजा माणशी १,५०० बाथ अधिक-अधिक असेल, तर दोघांच्या चार सकाळी १४,१२४ बाथच्या होतात. म्हणून पाचही हॉटेलांची तुलना करताना सगळे दर कर आणि नाश्ता धरूनच एका कागदावर लिहा. कित्येकदा क्रमच उलटतो. शिवाय व्हर्च्युओसोसारख्या जाळ्यातल्या ट्रॅव्हल एजंटकडून हॉटेलच्या लवचिक दरातच दोघांचा नाश्ता आणि साधारण १०० डॉलरचं हॉटेलात खर्चायचं क्रेडिट मिळतं. स्वस्तातलं, रद्द न होणारं बुकिंग त्यापुढे बहुधा महागच ठरतं. ३१ डिसेंबर धरून राहणार असाल तर सक्तीचं गाला डिनर आहे का, ते पाहा; काही ठिकाणी असतं आणि ते खोलीच्या दरात नसतं.

चेक-इनला डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम अडकवतात. तिथे क्रेडिट कार्ड द्या. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर अडकलेले पैसे सुटायला दिवसचे दिवस जातात आणि ऐन सहलीत हात आखडतो. बिल भरताना यंत्र रुपये की बाथ असं विचारेल, तेव्हा बाथच निवडा. रुपये निवडलेत तर वाईट दराने रूपांतर होतं.

विमानाची वेळही यात धरा. भारतातून येणारी बरीच विमानं पहाटे किंवा सकाळी उतरतात आणि बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी दोन-तीनला मिळते. पेनिन्सुलामध्ये थेट बुकिंग केलंत तर सकाळी सहापासून चेक-इन आणि रात्री दहापर्यंत चेक-आउट मिळू शकतं; किती रात्रींना काय लागू आहे ते पुष्टीच्या ईमेलमध्ये लिहून घ्या. चार रात्रींच्या सहलीत हा जवळजवळ एक पूर्ण दिवस आहे. सुवर्णभूमी विमानतळाहून टॅक्सी घेतलीत तर मीटरवर ५० बाथ विमानतळाचे आणि टोल तुमचा. हॉटेलची गाडी याच्या कितीतरी पट महाग असते. माझ्या मते ती चैन पहिली वगळावी.

तुमच्या जागी मी पेनिन्सुला घेईन. देवळं बोटीने, खरेदी रेल्वेने, आणि बहुतेक तारखांना दर मँडरिन-कपेलापेक्षा खाली. हॉटेलातून बाहेरच पडायचं नसेल, लग्नाचा वाढदिवस वगैरे असेल, तर कपेला. चारपैकी तीन दिवस मॉलमध्ये जाणार असतील तर सेंट रेजिस, उगाच नदीच्या नादी लागू नका. दोन-दोन रात्री दोन हॉटेलांत राहायचा मोह होईल. सामान बांधणं, चेक-आउट, खोलीची वाट पाहणं यात अर्धा दिवस जातो, त्यामुळे पाच रात्रींपेक्षा कमी असतील तर नको.

शाकाहारी असाल तर आणखी एक. थाई स्वयंपाकात माशाचा सॉस, कोळंबीची पेस्ट आणि ऑयस्टर सॉस भाज्यांतही असतो, त्यामुळे 'नो मीट' म्हणून भागत नाही. 'मांगसाविरात' म्हटलंत तर मांस-मासे नाहीत, अंडं-दूध चालतं. 'जे' म्हटलंत तर अंडं-दूधही नाही आणि लसूण-कांदाही नाही. जैन जेवणाच्या ते जवळ जातं, पण बटाटा-गाजर त्यात असतात, ते वेगळं सांगावं लागतं. हॉटेलला दोन दिवस आधी ईमेल केलात तर शेफ नीट तयारी करतात. आणि मँडरिनच्या बारमध्ये किंवा रेस्टॉरंटात संध्याकाळी जाणार असाल तर एक फुलपँट आणि बंद बूट बॅगेत ठेवा. चड्डी-चपलेवर दारातूनच परत पाठवतात.