टेड विल्यम्सची ७९ कार्डं घ्या, मुलीच्या कॉलेजचे पैसे नका काढू

न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आलाय. त्यांच्या ऑफिसमधल्या सहकाऱ्याचे वडील म्हातारपणी घर आवरतायत आणि त्यांच्याकडची बेसबॉलची जुनी कार्डं द्यायची म्हणतायत. फ्लीर कंपनीचा १९५९ चा टेड विल्यम्स सेट (बोस्टन रेड सॉक्स टीमच्या या गाजलेल्या बॅटरवरची ८० पैकी ७९ कार्डं), फ्लीरचाच १९६१ चा 'बेसबॉल ग्रेट्स' पूर्ण १५४, लीफचा १९६० चा अर्धा सेट म्हणजे पहिली ७२, आणि केलॉग्जचा १९७० चा थ्री-डी सेट, ७५ कार्डं. सगळ्याचे मिळून २,६०० डॉलर. वाचक लिहितात, "टॉप्सचे (बेसबॉल कार्डांची सगळ्यात मोठी कंपनी) फेमस सेट आपल्याला परवडत नाहीत, पण हे स्वस्त आहेत आणि लोकांचं अजून लक्ष गेलेलं नाही, सात वर्षांत डबल होतील, तोवर मुलगी १८ ची होईल, कॉलेजला उपयोगी पडतील." पैसे सेव्हिंग्जमधून काढायचा विचार आहे. सेव्हिंग्जमध्ये ६,००० डॉलर, घरखर्च महिना ४,८०० च्या आसपास, क्रेडिट कार्डावर १,९०० बाकी २४ टक्क्यांनी, महिन्याला ५०० उरतात, आणि एच-वन-बी व्हिसा.

दादा, आधी एक सांगतो, तुमची आवड मला मनापासून पटलीय. लहानपणी साताऱ्याला बिग फनच्या च्युइंगमबरोबर येणारी क्रिकेटची कार्डं जमवायचो असं तुम्ही लिहिलंय, आणि आता मुलीला घेऊन मॅच बघायला जाता, मग ती जुन्या प्लेअर्सबद्दल विचारत बसते, हे वाचून खरंच छान वाटलं. म्हणूनच स्पष्ट सांगतो की पूर्ण लॉट आत्ता घेऊ नका, आणि सेव्हिंग्जमधून तर नाहीच नाही.

मूळ घोळ "स्वस्त" या शब्दात आहे. हे सेट स्वस्त का राहिले ते बघा. त्या काळात टॉप्सने जवळजवळ सगळ्या खेळणाऱ्या प्लेअर्सशी करार करून ठेवले होते, त्यामुळे बाकीच्यांना उरलेल्या जागेत काहीतरी करावं लागायचं, फ्लीरने टेड विल्यम्सला एकट्याला करारात घेतलं आणि ८० कार्डं त्याच्यावरच काढली, मग रिटायर झालेल्या जुन्या दिग्गजांचे सेट १९६० आणि ६१ ला काढले, लीफने ब्लॅक अँड व्हाइट कार्डं काढून पाकिटात च्युइंगमऐवजी गोट्या दिल्या, केलॉग्जने सिरीअलच्या खोक्यात कार्ड टाकलं. वस्तू म्हणून एकेक सुंदर आहे. पण कलेक्टर ज्या रूकी कार्डांच्या (म्हणजे प्लेअरच्या सुरुवातीच्या काळातलं पहिलं कार्ड) आणि टॉप्सच्या मागे धावतात ते यात नाही, त्यामुळे घेणारे कमी. लोकांचं लक्ष गेलेलं नाही असं नाहीये, साठ वर्षं लोक हे सेट बघतायत आणि भाव त्यांनीच ठरवलाय. १९५२ च्या टॉप्स सेटमधलं मिकी मँटल या स्टार प्लेअरचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, ती बातमी वाचून आपल्यालाही वाटतं की आपल्या बाईंडरमधलंही वर जाईल, पण तो बाजारच वेगळा आहे.

आता तुमच्या डबलचा हिशोब करू. समजा सात वर्षांनी २,६०० चे खरंच ५,२०० झाले. ईबेवर विकलं तर फी साधारण १३ टक्के, म्हणजे ६७६ गेले, हातात ४,५२४. नफा १,९२४, त्यावर अमेरिकेत कलेक्टिबल्सचा लाँग टर्म टॅक्स २८ टक्क्यांपर्यंत लागू शकतो (शेअर्सना जास्तीत जास्त २० आहे), तुमच्या ब्रॅकेटप्रमाणे कमीही बसेल पण वरचा धरला तर ५३९ गेले. राहिले ३,९८५. म्हणजे भाव डबल होऊनसुद्धा तुम्हाला वर्षाला सव्वासहा टक्क्यांच्या आसपास सुटले, तेही पोस्टेज, पॅकिंग, इन्शुरन्स आणि स्टेटचा टॅक्स न धरता. भाव नुसता जागेवर राहिला तर फीमुळे तोटाच. आणि सेट एकगठ्ठा विकायला गेलात की डीलर आधी स्टार कार्डं बघतो, बाकीच्या कॉमन्सना, म्हणजे साध्या प्लेअर्सच्या कार्डांना, फार काही देत नाही. सुटी विकाल तर स्टार जातील आणि शंभर-सव्वाशे अनोळखी नावं तुमच्याकडेच राहतील.

त्याउलट क्रेडिट कार्डाचे १,९०० फेडले की २४ टक्के खात्रीने वाचतात, वर्षाला साडेचारशे डॉलर. याच्यापुढे कुठलाच सेट टिकत नाही. आणि सेव्हिंग्जमध्ये जेमतेम सव्वा महिन्याचा खर्च आहे, एच-वन-बीवर नोकरी गेली तर नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवसांचा ग्रेस पीरियड मिळतो, तेव्हा भाडं भरायला लीफची कार्डं एका आठवड्यात कोण घेणार? मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी याच ६,००० ची वाटली, त्यातले २,६०० काढले तर जेमतेम तीन आठवड्यांचा खर्च उरतो.

म्हणून असं करा. पहिले चार महिने पूर्ण ५०० क्रेडिट कार्डावर, नवीन खर्च त्यावर टाकायचा नाही. मग महिना ७५ डॉलर कार्डांच्या हौसेला वेगळे काढा आणि बाकीचे ४२५ तीन-चार महिन्यांचा खर्च जमेपर्यंत सेव्हिंग्जमध्ये, त्यानंतर मुलीच्या ५२९ प्लॅनमध्ये (शिक्षणासाठीचं टॅक्स वाचवणारं बचत खातं). हौसेला मोल नसतं हे मान्य, पण हौसेचा डबा वेगळा असला की कॉलेजच्या डब्यात हात जात नाही.

आणि सहकाऱ्याच्या वडिलांना, त्या काकांना, विचारा की चारही सेट एकदम न देता फक्त टेड विल्यम्सचा देतील का, थांबतील का. मी तुमच्या जागी असतो तर तोच घेतला असता. एका माणसाचं आयुष्य कार्डामागून कार्ड वाचत जायचं, सॅन डिएगोतलं लहानपण, १९४१ चा .४०६ बॅटिंग अॅव्हरेजचा सीझन, दोन युद्धांच्या काळात मरीनचा पायलट म्हणून गेलेली वर्षं, मासेमारी. मुलीबरोबर रोज एक वाचलं तरी अडीच महिने पुरेल, आणि हा परतावा पहिल्याच दिवशी सुरू होतो.

पण त्यांच्याकडे नसलेलं कार्ड बहुतेक ६८ नंबरचं असणार, तेवढं खात्री करून घ्या. त्या कार्डावर टेडबरोबर रेड सॉक्सचे जनरल मॅनेजर बकी हॅरिस आहेत, त्यांचा करार टॉप्सशी होता म्हणून फ्लीरला ते लवकर मागे घ्यावं लागलं. बाकीची काही डॉलरला मिळतात आणि त्या एकाला शेकडो मोजावे लागतात, शिवाय त्याच्या नकली प्रतीही फिरतात, त्यामुळे कधी घेतलंच तर ग्रेडिंग कंपनीच्या (कार्ड अस्सल आहे का, कंडिशन कशी आहे ते तपासणारी कंपनी) सीलबंद डब्यातलंच. "८० पैकी ७९" हे ऐकायला जवळजवळ पूर्ण वाटतं, किमतीत ते पूर्णच्या जवळपासही नसतं, बोली लावताना हे लक्षात ठेवा.

भाव ठरवताना लोक ऑनलाइन किती मागतायत ते बघू नका, ईबेवर 'सोल्ड' फिल्टर लावून कितीला विकलं गेलं ते बघा, आणि तेही तशाच कंडिशनमधलं. पुढे १९६१ चा फ्लीर घ्यायचा झाला तर आधी ८९ ते १५४ नंबर तपासा, ती सिरीज कमी मिळते. केलॉग्जची कार्डं वळलेली असतील तर दाबून सरळ करायला जाऊ नका, वरचा प्लास्टिकचा थर तडकतो आणि ती चीर मग कशानेच जात नाही. आणि घेऊन-विकून धंदा करायचा विचार आला तर व्हिसावर ते चालतं का हे आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, स्वतःसाठी जमवणं वेगळं.

काका लॉट फोडायला तयार नसतील तर दुसऱ्या कुणाला देऊ दे. हे सेट बाजारात पुन्हा पुन्हा येत असतात, चार महिन्यांनी तुम्हाला तेच ७९ परत सापडतील.