ट्रॅकवर जायचंय, पण खिसा लहान

प्रश्न : माझ्याकडे 2014 ची पेट्रोल स्विफ्ट आहे. घरात हीच एक गाडी. यंदा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर एखाद्या ट्रॅक-डेला जायचं मनात आहे. शर्यत नाही, नुसती मनसोक्त चालवायची. मित्र म्हणतात, आधी एक्झॉस्ट, फिल्टर, रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) करून घे, नाहीतर लोक हसतील. हाताशी चाळीसेक हजार आहेत. ते कुठे घालू? सोमवारी त्याच गाडीनं चाकणला ड्युटीवर जायचं आहे.
– नि. प., चिंचवड

उत्तर : निपराव, मित्रांना चहा पाजा आणि एक्झॉस्टचे पैसे खिशातच ठेवा. आवाज वाढेल, फेरीला वेळ तेवढाच लागेल.

आधी रस्त्याचा हिशेब मांडा. चिंचवडहून कोइमतूर साधारण बाराशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चोवीसशे. लिटरला पंधराचं अ‍ॅव्हरेज धरलं तरी 160 लिटर, आणि पेट्रोल शंभरच्या वर आहे. म्हणजे सोळा-सतरा हजार ट्रॅकचं तोंड बघायच्या आधीच गेले. टोल, लॉज, जेवण वेगळं. आपल्या महाराष्ट्रातल्या हौशी माणसाचं खरं दुखणं हेच आहे : मोठे ट्रॅक कोइमतूरला, चेन्नईजवळ नाहीतर थेट ग्रेटर नोएडाला. तेव्हा दोघं मिळून जा, खर्च वाटून घ्या. फी आयोजकागणिक बदलते. विचारताना दिवसाची फी विचारू नका, प्रत्यक्ष किती मिनिटं ट्रॅक मिळणार ते विचारा. पंधरा-वीस मिनिटांचं सेशन, मग तासभर सावली शोधायची. त्यात कुणी मातीत उतरला की लाल झेंडा, म्हणजे सगळ्यांनी थांबायचं, आणि तुमची राहिलेली मिनिटं त्याच्याबरोबर मातीत. चिडून उपयोग नाही, तेव्हा शेजारच्याशी ओळख करून घ्या.

आता गाडी. उरलेल्या पैशांतला पहिला रुपया ब्रेकला. दहा वर्षांच्या गाडीत ब्रेक ऑइल बहुतेक वेळा नुसतं वरून भरलेलं असतं, बदललेलं नसतं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट 3, डॉट 4 हे त्याचे दर्जे : ताजं डॉट 3 किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, ताजं डॉट 4 किमान 230 पर्यंत. ओलावा शिरला की हेच आकडे 140 आणि 155 वर येतात. घरी-ऑफिसला त्यानं काही बिघडत नाही. ट्रॅकवर मात्र तिसऱ्या-चौथ्या फेरीला ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. पुढे वळण असतं. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी सगळं जुनं ऑइल काढून डॉट 4 भरा, चारही चाकांचं नीट ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं) करून घ्या आणि पुढचे पॅड नवे टाका. माझ्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात असं कुणी आलं तर मी टर्बोची चौकशीही ऐकून घेत नाही, आधी चाक काढतो.

टायर चांगल्या अवस्थेतले पाहिजेत, महाग नकोत. हवा गरम टायरमध्ये मोजायची सवय लावा : सेशननंतर ती पाच-सहा पीएसआयनं सहज चढते, तेवढी काढा, आणि परतीला निघताना पुन्हा भरा. स्वतःचं गेज न्या. स्टेपनी, जॅक, पायपुसण्या, सीटखालची पाण्याची बाटली सगळं बाहेर. ती बाटली घरंगळत ब्रेकखाली आली तर काय होईल ते सांगायला नको. शेवटची फेरी ब्रेक न वापरता हळू मारा आणि गाडी लावल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा. मागच्या ब्रेकचे ड्रम तापलेले असतात.

एक कडू गोष्ट. तुमच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादांचं कलम असतं. त्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ठोकलीत तर पदरचे घाला. एकच गाडी असलेल्या माणसानं या कलमाची झेरॉक्स डॅशबोर्डवर चिकटवावी. म्हणून पहिल्या दिवशी नव्वद टक्क्यांवर चालवा. वळणात हळू शिरा, बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दाबा. 1197 सीसीच्या गाडीत ही शिस्त लगेच समजते, कारण वळणात घालवलेला वेग सरळ रस्त्यावर परत मिळत नाही. आणि ते जमलं, गाडी मागचं आतलं चाक किंचित उचलून वळणाबाहेर आली, की मोठ्या सेडानवाल्याला आरशात लहान होताना बघायची मजा काही औरच.

प्रश्न : माझी अल्टो 800 आहे. एवढ्या छोट्या गाडीवर शिकणं हास्यास्पद आहे का? कोइमतूर परवडत नाही, तोपर्यंत आंबा घाटात रविवारी सराव करू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : घाटात नाही. वळणापलीकडून उसाचा ट्रॅक्टर येतो, तुम्हाला तो दिसत नाही आणि तुम्ही त्याला. यावर मी चर्चा करत नाही.

अल्टोचं मात्र मनावर घेऊ नका. कारी स्पीडवे ज्यांच्या नावानं आहे त्या एस. करिवर्धन यांनी मारुती 800 च्या 796 सीसी इंजिनवर फॉर्म्युला मारुती ही स्वस्त रेसगाडी उभी केली. तुमच्या अल्टोच्या इंजिनाचं मापही तेवढंच. नारायण कार्तिकेयन सुरुवातीला तीच गाडी पळवत होता. 2005 साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा तो पहिला भारतीय.

तुम्हाला कराडहून कोल्हापूर दीड-दोन तासांवर. इथं कार्टिंगचा (छोट्या उघड्या रेसगाड्यांचा) ट्रॅक आहे, तिथं चौकशी करा. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे चूक थेट कमरेला कळते, आणि झीज ट्रॅकवाल्याच्या टायरची होते. सकाळी लवकर या. दुपारी स्टिअरिंग धरवत नाही आणि रांगही वाढते. हेल्मेट स्वतःचं आणा. तिथलं भाड्याचं आधी ज्याच्या डोक्यावर होतं त्यानं कुठलं तेल लावलं होतं, हे पाच फेऱ्यांत पाठ होतं.