प्रोमिथियसच्या (सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या) डेटाने सर्व्हरची डिस्क भरली, जागा कशी मोकळी करू?

आधी प्रोमिथियस बंद करा. डेटा फोल्डरमध्ये अगम्य लांबलचक नावांची फोल्डरं दिसतील, ते ब्लॉक, म्हणजे एकेका कालावधीच्या डेटाचे गठ्ठे. प्रत्येकातल्या मेटा डॉट जेसन (meta.json) फाइलमध्ये मिनटाइम-मॅक्सटाइम (त्या डेटाची सुरुवात आणि शेवट, मिलिसेकंदांत) बघून सर्वांत जुने ब्लॉक अख्खे उडवा. ‘वॅल’ (wal) फोल्डरला मात्र हात लावू नका, ताजा डेटा तिथेच असतो.

पुन्हा सुरू करताना रिटेन्शनला (डेटा किती ठेवायचा त्या सेटिंगला) साइझचीही मर्यादा घाला, डिस्कच्या साधारण ८० टक्के. नुसती वेळेची मर्यादा (काही न सांगितल्यास १५ दिवस) पुरत नाही, कारण तेवढ्यात किती डेटा येईल याला धरबंध नसतो.

खरा चोर बहुतेकदा लेबलात (मोजमापाला जोडलेल्या खुणेत) सापडतो; कुणीतरी युजर आयडी लेबल म्हणून टाकलेला असतो, मग प्रत्येक युजरसाठी आकड्यांची वेगळी मालिका, म्हणजे सिरीज, तयार होते. प्रोमिथियसच्या वेबपानावर स्टेटस मेन्यूतलं टीएसडीबी (त्याचा डेटाबेस) स्टेटस उघडा, जास्त सिरीजवाली मेट्रिक्स (मोजमापं) वरच दिसतील.