डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली, आता कोर्टात काय बघतात?

प्रश्न : वकीलताई नमस्कार. माझे मिस्टर 2016 ला लष्करातून हवालदार म्हणून रिटायर झाले. तेव्हा बीपी निघालं, मेडिकल बोर्डाने 30 टक्के अपंगत्व, कायमचं असं लिहिलं, पण डिसॅबिलिटी पेन्शन (अपंगत्वाची पेन्शन) नाकारली. अपील केलं तेही 2018 ला फेटाळलं, मग आम्ही नादच सोडला. आता कॅन्टीनमध्ये भेटलेले एकजण म्हणतात कोर्टात जा. इतक्या वर्षांनी चालतं का? आणि कोर्टाने परत तपासायला लावलं तर, कारण आता गोळ्यांवर बीपी नॉर्मल असतं?
– एक वाचक, धानोरी

उत्तर : ताई, तपासणीचं आधी सांगते कारण सगळे त्यालाच घाबरतात. आजचं बीपी किती हा सहसा मुद्दाच नसतो, बघतात ते रिटायर होतानाच्या बोर्डाचे कागद, म्हणजे एएफएमएसएफ-16 हा फॉर्म. त्यात आजार सर्व्हिसमुळे झाला का, सर्व्हिसमुळे वाढला का असे रकाने असतात, दोन्हीपुढे 'नो' असतं आणि कारण म्हणून बऱ्याचदा एवढंच की आजार पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या पोस्टिंगला, सुरू झाला. बास. त्याआधी माणूस किती वर्षं फील्डला, डोंगरात, बर्फात होता त्याचा पत्ताच नसतो, आणि भांडायचं असतं ते याच एका ओळीवर.

2013 ला सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग केसमध्ये (त्या जवानाला फीट यायच्या, 20 टक्के होतं) सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस ठणठणीत होता असंच धरायचं, नंतर झालेला आजार सर्व्हिसमुळे नाही हे सिद्ध करायचं काम सरकारचं, आणि बोर्डाने कारणं द्यायलाच पाहिजेत. तरी केस खिशात असं समजू नका हं, 2019 मध्ये नरसिंग यादव केसमध्ये, तिथे मानसिक आजार होता, याच कोर्टाने जवानाच्या विरोधात निकाल दिलाय.

उशिराचं म्हणाल तर मुदत खरं म्हणजे सहा महिन्यांची आहे. पण पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते म्हणून उशीर माफ होऊ शकतो, फक्त 2008 च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे एरियर्स, म्हणजे थकबाकी, साधारण केस टाकायच्या आधीच्या 3 वर्षांचेच. 2016 पासूनचे सगळे काढून देतो आणि त्यात माझे इतके टक्के, असं म्हणणारे एजंट भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा. वकिलाला तर अशी टक्केवारी घ्यायला परवानगीच नाही.

आता कामाचं. शिवाजीनगर कोर्टात चकरा मारू नका, हे प्रकरण आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलच्या, म्हणजे सैन्यातल्या लोकांच्या प्रकरणांसाठीच्या न्यायाधिकरणाच्या, मुंबई बेंचकडे जातं. तिथे आधी विचारतात की खात्यातले अपीलचे मार्ग संपवले का, आणि तुम्ही दुसरं अपील केलंय का ते लिहिलंच नाहीये. नसेल तर आत्ता स्पीड पोस्टाने टाका, पावती जपून ठेवा, सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तरी ट्रायब्युनलचा रस्ता मोकळा होतो. तोवर रेकॉर्ड ऑफिसकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करून, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, बोर्डाची पूर्ण प्रोसीडिंग आणि शीट रोलची (सर्व्हिसच्या नोंदींचा कागद) कॉपी मागवा, कुठे कुठे पोस्टिंग होतं ते त्यात दिसेल. नुसतं नाकारल्याचं पत्र घेऊन वकिलाकडे जाऊन काही होत नाही.

पैशाचं गणित सांगते. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतात, म्हणजे तुमच्या 30 ला 9 टक्के. पण 2014 च्या राम अवतार निकालामुळे 50 च्या खालचं 50 धरलं जातं, मग ते 15 टक्के होतात.

प्रश्न : माझा भाऊपण नॉर्मल रिटायर झाला, बोर्डाने 15 टक्के दिलेत. त्याचेही 50 होतील का?
– खडकी

उत्तर : नाही हो. 20 च्या खाली असेल तर राउंडिंगचा, म्हणजे टक्के वाढवून 50 धरण्याचा, प्रश्नच येत नाही, 2019 च्या एस. पी. राठोड निकालात ते स्पष्ट आहे. भावाला आजारामुळे मुदतीआधीच घरी पाठवलं असतं तर गोष्ट वेगळी होती, तिथे 2014 चा सुखविंदर सिंग निकाल कामाला येतो. आणि तो 2023 च्या सप्टेंबरनंतर रिटायर झाला असेल तर नियमच नवीन आहेत, तारीख कळवा.