बाटलीवर नाव काय लिहावे?

प्रश्न : मी बऱ्याच दिवसांपासून घरी, हौसेपुरती बिअर बनवतो आणि प्रत्येक बॅचला आवर्जून नाव देतो. पोर्टरला ‘अमावस्या’, स्टाउटला ‘काळोख’ आणि कॉफी घातलेल्या स्टाउटला ‘मध्यरात्र’ अशी नावे ठेवली. त्या वेळी ती फारच चपखल वाटली होती. आता मात्र कोणत्या बाटलीत काय आहे, हे मलाच छातीठोकपणे सांगता येत नाही. शिवाय नवे काही सुचेनासे झाले आहे. नावे सुचावीत यासाठी काही पद्धत आहे का?

उत्तर : तिन्ही नावे सुरेख आहेत, परंतु ती तुम्ही एकाच गुणावरून, म्हणजे रंगावरून घेतली आहेत, आणि नेमका तोच गुण तिन्ही बिअरमध्ये सारखा आहे. गडद भाजलेले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, घातले की बिअर काळी होणारच. ओळख पटवायची असेल तर एकीला दुसरीपासून वेगळे करणारी गोष्ट शोधावी लागते : कॉफीचा वास, पोर्टरचा चॉकलेटकडे झुकणारा मऊपणा, स्टाउटचा जिभेवर रेंगाळणारा करपट कडवटपणा. नाव यांतूनच निघाले, तर ते विसरले जाण्याची शक्यता कमी.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा वेळेचा आहे. बहुतेक हौशी मंडळी वर्ट, म्हणजे माल्टचे आंबवण्याआधीचे गोड पाणी, उकळत असतानाच नाव ठरवून मोकळी होतात, कारण त्या वेळी उत्साह दांडगा असतो आणि हाताशी रिकामा वेळही असतो. पण त्या भांड्यात अजून बिअर तयार झालेलीच नसते. यीस्टने आपले काम संपवल्यावर आणि बाटलीत दोनतीन आठवडे मुरल्यावर चव पुष्कळ बदलते. सुरुवातीला डोक्यात जाणारा हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, वास मवाळ होतो, भाजलेल्या माल्टची तिखट कड बोथट होते. म्हणून तोवर केवळ क्रमांकावर भागवावे आणि पहिली बाटली उघडून, शक्यतो आणखी एखाद्या चवीच्या जाणकाराला शेजारी बसवून, मगच नाव ठरवावे. बेल्जियममधील ‘दूवेल’ या प्रसिद्ध बिअरची कथा अशीच सांगितली जाते. पहिल्या महायुद्धानंतर ती ‘व्हिक्टरी एल’ या नावाने निघाली होती. पुढे ती चाखणाऱ्या एका गृहस्थाने ‘ही तर खरा सैतानच आहे’ असे उद्गार काढले आणि 1923 पासून ‘दूवेल’, म्हणजे तिथल्या बोलीत सैतान, हेच तिचे नाव झाले. विजयाचे नाव कोणत्याही बिअरला चालले असते. सैतान मात्र त्या फिकट, निरुपद्रवी दिसणाऱ्या आणि साडेआठ टक्के मद्यार्क असलेल्या बिअरलाच शोभतो.

सुचेनासे झाले असेल, तर नावांचे एखादे घराणे पाडून पाहावे. म्युनिकच्या ‘साल्व्हाटोर’ या दाट, माल्टप्रधान डॉपलबॉकचे (कडक जर्मन बिअरचा एक प्रकार) नाव इतर ब्रुअरीही सर्रास वापरत असत. ते नाव एकाच ब्रुअरीच्या हक्काचे झाल्यावर बाकीच्यांनी शेवटचा ‘आटोर’ तेवढा कायम ठेवला, आणि त्यातून ‘ऑप्टिमाटोर’, ‘सेलेब्राटोर’ अशी नावे रूढ झाली. शेपूट ऐकले की प्रकार कळतो. तुम्हीही काळ्या बिअरना रात्रीची, गव्हाच्या बिअरना वाऱ्याची आणि हॉप्सप्रधान बिअरना वादळाची नावे देण्याचे ठरवले, तर निम्मे काम आधीच झालेले असेल, आणि तुमच्या ‘अमावस्ये’लाही विसर्जित करावे लागणार नाही.

कोट्यांविषयी मात्र थोडे जपून. शाब्दिक कोटी पहिल्या ग्लासाला हशा मिळवते. त्याच बॅचच्या शेवटच्या बाटलीपर्यंत तिचा फेस बसलेला असतो.

आणि नाव कितीही चांगले असले, तरी त्याच्यावर नोंदीचे ओझे टाकू नये. लेबलवर नावाखाली बारीक अक्षरांत प्रकार, बॅच क्रमांक, बाटली भरल्याची तारीख आणि मद्यार्काचे प्रमाण लिहावे. हे प्रमाण काढणे सोपे आहे : हायड्रोमीटर या द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणावरील, आंबवण्यापूर्वीच्या सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा आकडा वजा करून 131.25 ने गुणायचे. सुरुवात 1.052 आणि शेवट 1.012 असेल, तर उत्तर 5.25 टक्के येते. साधा कागद दुधात बुडवून बाटलीवर चिकटवला तर तो पक्का बसतो आणि पाण्यात ठेवल्यावर सहज सुटतो. तेवढाही खटाटोप नको असेल, तर झाकणावर मार्करने क्रमांक घालावा. बेल्जियममधील वेस्टव्लेटरेनच्या ट्रॅपिस्ट (एका ख्रिस्ती पंथाच्या) मठातील बिअर कित्येक दशके लेबलाविनाच विकली गेली आणि लोक ती झाकणाच्या रंगावरून ओळखत.

प्रश्न : ठेवलेले नाव एखाद्या ब्रुअरीने आधीच घेतले असेल तर?

उत्तर : घरातल्या घरात, मित्रांपुरते असेल, तर मनावर घेऊ नका, ट्रेडमार्कचा संबंध मुख्यतः व्यापाराशी येतो. स्पर्धेतही फरक पडत नाही, कारण परीक्षकांपुढे ग्लास येतो तो प्रकार आणि प्रवेश क्रमांक घेऊन, नाव घेऊन नव्हे. विक्रीचा विचार डोक्यात आला, की मात्र आधी नोंदणीकृत नावे तपासावीत आणि आपल्या देशातील परवान्याचे नियमही पाहावेत. अमेरिकेतील एव्हरी आणि रशियन रिव्हर या दोन ब्रुअरींच्या बाबतीत दोघींचीही एकेक बिअर ‘साल्व्हेशन’ याच नावाची निघाली. त्यांनी कोर्टाची पायरी चढण्याऐवजी दोन्ही बिअर एकत्र मिसळल्या आणि 2006 मध्ये त्या मिश्रणाला ‘खटला नव्हे, सहकार्य’ अशा अर्थाचे नाव देऊन ते बाजारात आणले. असे समंजस शेजारी सर्वांनाच लाभतील असे मात्र गृहीत धरू नये.

प्रश्न : रेसिपी थोडी बदलली, तर जुनेच नाव ठेवावे की नवे द्यावे?

उत्तर : हॉप्सचे प्रमाण थोडे कमीजास्त केले किंवा माल्टचा पुरवठादार बदलला, तर जुनेच नाव ठेवून पुढे दोन, तीन असा आकडा लावावा. यीस्ट बदलले, तर नवे नाव द्यावे. एकाच वर्टचे दोन भाग करून एकात जर्मन गव्हाच्या बिअरचे यीस्ट आणि दुसऱ्यात तटस्थ चवीचे एल यीस्ट घातले, तर पहिल्या भागाला केळी आणि लवंगेचा वास येतो आणि दुसऱ्यात त्याचा मागमूसही नसतो. त्या दोन बाटल्यांवर एकच नाव लिहिले, तर पिणारा तुमच्या नोंदवहीवर विश्वास ठेवणार नाही. आकडे लावताना एवढेच पाहावे की तो आकडा मद्यार्काचा आहे असा कोणाचा समज होणार नाही. रोशफोर्ट या बेल्जियन बिअरच्या 6, 8 आणि 10 या आकड्यांबाबत असा गोंधळ नेहमी होतो; ते आकडे वर्टची घनता मोजण्याच्या जुन्या बेल्जियन अंशांवरून आले आहेत, आणि ‘10’ लिहिलेल्या बाटलीत प्रत्यक्षात 11.3 टक्के मद्यार्क असतो.