समासात मावलं नाही ते

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. समासात शेरे लिहायला घेतले, पण समास पुरेना, म्हणून हे पत्र.

मराठी साहित्यातलं आदिवासी बालपण तू शोधतेस आणि पहिल्याच प्रकरणात 'श्यामची आई' हे माप म्हणून ठेवतेस. पुस्तक माझंही लाडकं. पण १९३३ साली साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं ते बालपण कोकणातल्या एका ब्राह्मण घरातलं आहे. पालघर जिल्ह्यातल्या तलासरीच्या आदिवासी पाड्यावर आठ वर्षांची पोर धाकट्याला कडेवर मारून शेळ्यांमागे जाते. तिला श्यामच्या मापाने मोजलंस तर 'हरवलेलं बालपण' एवढंच हाती लागणार.

आदिवासी मुलांच्या बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना तू तळटीपेत बसवलंस! १९४५ साली बोर्डीत सुरू झालेलं त्यांचं काम पुढे कोसबादच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तेव्हा या बायकांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. ती तळटीप वर आण, तिचं प्रकरण होईल.

आणि जुलैतल्या गैरहजेरीपुढे 'पालकांची अनास्था' लिहिलंयस, ते खोड. तेव्हा आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असते गं. घरातले सगळे हात चिखलात असतात.

माझीही चूक सांगते. पहिल्या वर्षी एका आश्रमशाळेत पहिलीच्या वर्गात मागे बसले आणि वहीत लिहिलं, 'मुलं अबोल.' संध्याकाळी हीच मुलं ओढ्यात दगड उलटून खेकडे धरत होती आणि वारली बोलीत अखंड बडबडत होती. मला निम्मंही कळेना. तिथे अबोल मीच होते.

छापील नाही म्हणून तू कणसरीची, वारल्यांच्या धान्यदेवीची, कथा वगळलीस. भगत, म्हणजे पाड्यावरचा पुजारी, थाळीला मेणाने काडी उभी चिकटवतो, तिच्यावरून बोटं ओढतो, घुमणारा सूर निघतो आणि त्या सुरावर तिची कथा रात्रीत पुढे सरकत राहते. पोरं ऐकता ऐकता तिथेच झोपतात. बालसाहित्य म्हणजे आणखी काय असतं? मात्र रेकॉर्डर काढण्याआधी विचार. नाही म्हणाले तर नुसतं ऐक.

कापणीच्या आधी पाड्यावर जा. पहिले आठ दिवस वही पिशवीतच राहू दे.

खेकडे धरता येतात का तुला?