वाचकांचे प्रश्न : आधी झाडे, मग मासे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे घरातल्या फिशटँकमध्ये खरी झाडे लावू पाहणाऱ्या वाचकांची आहेत. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच आहे.

प्रश्न : दिवाळीत दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी घेतली. दुकानदाराने त्याच दिवशी वाळू, फिल्टर, वनस्पतींच्या चार जुड्या आणि सहा गोल्डफिश दिले. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झाले आणि आठव्या दिवसापर्यंत तीन मासे दगावले. सगळे पाणी काढून वाळू-फिल्टरसकट टाकी नळाखाली धुतली, निळे औषध घातले. तरी पुन्हा तेच झाले. आमचे काय चुकते आहे? — एक वाचिका, ठाणे

उत्तर : आपले मासे कोणत्या रोगाने नव्हे, तर अमोनियाने गेले असावेत. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो आणि न खाल्लेले दाणे कुजून त्यात भर पडते. जुन्या, बसलेल्या टाकीत जिवाणूंचा एक गट या अमोनियाचे नायट्राइट करतो, जे तितकेच घातक असते, आणि दुसरा गट त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो, जे माशांना बऱ्याच प्रमाणात सोसते व झाडांना खत म्हणून उपयोगी पडते. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, वाळूच्या कणांवर आणि पानांवर चिकटून राहतात आणि त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या टाकीत ही वस्ती नुकती कुठे सुरू झाली होती. पाण्याला आलेला दुधाळपणा नव्या टाकीत बहुधा दुसऱ्याच जिवाणूंच्या उसळीमुळे येतो आणि काही दिवसांत आपोआप निवळतो. आपण मात्र घाबरून सर्व काही नळाखाली धुतले, त्यामुळे जी थोडीफार वस्ती झाली होती ती क्लोरीनने मारली, आणि उरलेसुरले निळ्या औषधाने, म्हणजे मेथिलीन ब्लूने, संपवले. ते औषध झाडांनाही मानवत नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. दोन वर्षे उत्तम चाललेल्या टाकीचा स्पंज एका रविवारी नळाच्या धारेखाली अगदी पांढरा होईपर्यंत धुतला, आणि बुधवारी सकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करताना दिसले. तेव्हापासून स्पंज मी टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळतो आणि तसाच तपकिरी परत बसवतो. तो तपकिरी थर ही टाकीची खरी कमाई आहे.

आता काय करावे ते सांगतो. उरलेले गोल्डफिश मोठे हौद असलेल्या कोणाकडे द्यावेत. हा मासा वीतभर वाढतो, झाडे कुरतडतो, मुळे उकरतो, आणि आपल्या टाकीत काठोकाठ भरले तरी जेमतेम 55 लिटर पाणी मावते. वाळू पुन्हा धुऊन 4 ते 5 सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा आणि टाकी पहिल्याच दिवशी झाडांनी गच्च भरावी. चार जुड्या पुरणार नाहीत. व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला आणि हॉर्नवर्ट यांसारखी झपाट्याने वाढणारी झाडे निम्म्याहून अधिक असावीत, कारण ती अमोनिया थेट शोषून घेतात. जावा फर्न आणि अनुबियास यांचे आडवे खोड वाळूत पुरू नये, ते कुजते. काळ्या दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधावे. क्रिप्ट नावाची पाणवनस्पती लावल्यावर आठवड्याभरात तिची सगळी पाने विरघळल्यासारखी गळून पडली, तर ती उपटून टाकू नका. जागा बदलली की ती असेच करते, आणि मुळे शाबूत असतील तर तीन-चार आठवड्यांत त्याच जागी नवे, टोकदार पान वाळूतून वर येते.

यानंतर सहा आठवडे एकही मासा सोडू नये. रोज चिमूटभर खाद्य तेवढे टाकावे, म्हणजे जिवाणूंना अन्न मिळते. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे संच दुकानांत मिळतात. दोन्ही आकडे सलग आठवडाभर शून्य आले, की पाच-सहा झेब्रा डॅनिओ सोडून सुरुवात करावी आणि पुढचे मासे दोन आठवड्यांनी आणावेत. नळाचे पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवल्यास क्लोरीन उडून जातो, परंतु पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग, असेल तर तो असा उडत नाही, म्हणून अँटीक्लोरीनचे थेंब घालणे अधिक खात्रीचे आहे.

दुकानदार एकाच दिवशी सर्व काही देतो आणि सहा आठवडे थांबायला कोणी सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850च्या सुमारास दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया एकत्र ठेवून पाहिले. मासे तगले, पण कुजणाऱ्या पानांनी पाणी खराब होऊ लागले, तेव्हा त्यांनी पाण्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या आणि तोल सावरला. घरगुती मत्स्यालयाच्या आरंभीचा हा प्रयोग आहे, आणि त्यात झाड हे शोभेसाठी नव्हते, तर माशाला जगवण्यासाठी होते.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे, टीडीएस मीटर 850 दाखवतो. झाडे वाढत नाहीत आणि काचेवर पांढरी रेघ जमते. सगळे पाणी आरओचे वापरू का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : केवळ आरओचे पाणी वापरू नये. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ उरत नाहीत, झाडांना आणि माशांना दोन्हींची गरज असते, आणि असे पाणी सामू, म्हणजे पीएच, स्थिर ठेवू शकत नाही. दोन भाग आरओ आणि एक भाग बोअरचे पाणी अशा मिश्रणाने सुरुवात करावी. टीडीएसचा आकडा केवळ विरघळलेल्या क्षारांची बेरीज सांगतो, पाणी किती जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमयुक्त, आहे हे सांगत नाही. ते कळण्यासाठी कठीणपणा मोजणारा वेगळा संच घ्यावा. घरात पाणी मऊ करणारे यंत्र असेल, तर त्यातले पाणी टाकीसाठी घेऊ नये, कारण ते यंत्र कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडते.

काचेवरची पांढरी रेघ म्हणजे पाण्याची वाफ झाल्यावर मागे राहिलेले क्षार. येथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही : पाणी उडते, क्षार उडत नाहीत. घटलेल्या पाण्यावर दर दोन दिवसांनी बोअरचेच पाणी ओतत राहिलात, तर काही महिन्यांत टाकीतले पाणी बोअरच्या पाण्यापेक्षाही जड होते. म्हणून वर घालायचे पाणी आरओचे असावे, आणि शिवाय दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी काढून मिश्रण भरावे.

टाकीत पांढरे संगमरवरी खडे, शंख-शिंपले किंवा प्रवाळाची वाळू असेल तर ती आधी बाहेर काढावी. शंका असलेल्या दगडावर लिंबू पिळावे. फेस आला तर त्यात चुनखडी आहे. आपल्या भागातला काळा बेसाल्ट मात्र नि:शंकपणे वापरावा. जड पाण्याशी भांडण्याऐवजी त्याला साजेशी निवड करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते : व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट आणि जावा फर्न, तर माशांत मॉली, प्लॅटी आणि गप्पी. मात्र सामू जितका वाढतो तितका अमोनिया अधिक विषारी होतो, म्हणून आपल्या टाकीत मासे कमी आणि खाद्य त्याहून कमी ठेवावे.

प्रश्न : मे महिन्यात टाकीचे तापमान 33 अंशांवर जाते आणि पहाटे मासे वर येऊन हवा घेतात, दिवसा ठीक असतात. टाकीत झाडे भरपूर आहेत, मग ऑक्सिजन कमी कसा? — एक वाचक, नागपूर

उत्तर : झाडे प्रकाशातच ऑक्सिजन तयार करतात, अंधारात तीही माशांप्रमाणे तो वापरतात, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. त्यामुळे पहाटेची वेळ सर्वांत कठीण असते. रात्री टाकीचे दिवे बंद केल्यापासून सकाळपर्यंत एअर पंप चालवावा आणि दिवसा बंद ठेवावा, कारण दिवसभर बुडबुडे सोडल्यास झाडांना हवा असलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. टाकीचे काचेचे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडावा. कूलर ज्या कारणाने विदर्भात चालतो आणि मुंबईत चालत नाही, त्याच कारणाने हा उपाय आपल्याकडे उत्तम लागू पडतो. दोन-तीन अंश सहज उतरतात. बर्फ टाकू नये, तापमान एकदम बदलणे उष्णतेपेक्षाही वाईट. दिवे दुपारऐवजी संध्याकाळी लावावेत. आणि वीज चार-सहा तास गेली असेल, तर बंद डब्याच्या फिल्टरमधले साचलेले पाणी फेकून मगच तो सुरू करावा.

प्रश्न : टाकी खिडकीजवळ आहे, शिवाय दिवा सकाळी आठ ते रात्री दहा चालू असतो. काचेवर आणि पानांवर हिरवे शेवाळ येते, जुन्या पानांना बारीक भोके पडली आहेत. गोगलगायी पाने खातात का? शेवाळासाठी सकर मासा आणू का? — एक वाचिका, पुणे

उत्तर : बहुतेक लहान गोगलगायी धडधाकट पान खात नाहीत; त्या कुजके पान आणि शेवाळ खातात. जुन्या पानांवर टाचणीच्या टोकाएवढी भोके पडून त्यांच्या कडा पिवळ्या होणे ही पोटॅशियमच्या कमतरतेची खूण आहे. याउलट, शेंड्याची नवी पाने फिकट पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर लोह कमी आहे असे समजावे. पाणवनस्पतींसाठीचे द्रवखत बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मेच सुरू करावे आणि परिणाम नव्या पानांवर पाहावा, कारण भोके पडलेले पान पुन्हा भरून येत नाही; ते कापून टाकावे.

शेवाळाचे कारण आपल्या पत्रातच आहे. चौदा तासांचा दिवा आणि वर खिडकीचे ऊन, एवढा प्रकाश वापरण्याइतके अन्न झाडांकडे नसते, मग तो शेवाळ वापरते. खिडकीच्या बाजूच्या काचेला मागून काळा कागद लावावा आणि साधा टायमर बसवून दिवा सात तासांवर आणावा. काचेवरचे शेवाळ जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडावे, पानांवरचे बोटांनी चोळून काढावे, आणि लगेच तिसरा हिस्सा पाणी बदलावे. मनी प्लँटची एक फांदी टाकीच्या कडेवरून मुळे पाण्यात आणि पाने बाहेर अशी सोडून पाहा. ती मुळे नायट्रेट इतक्या वेगाने ओढतात की महिन्याभरात फरक दिसतो. सकर आणू नये. तो दुकानात बोटभर असतो, पण फूटभराहून मोठा होतो, आणि मोठा झाला की शेवाळ सोडून माशांचे दाणे खातो.

प्रकाश आणि खत यांचा मेळ बसला, की दुपारी दिवा लागल्यानंतर तीनेक तासांनी टाकीसमोर शांत बसून पाहावे. पानांच्या कडांवर टाचणीच्या डोक्याएवढे चकाकणारे बुडबुडे जमतात आणि एकेक सुटून वर जातात. पाण्यात आता ऑक्सिजन मावत नाही, इतका झाडे तयार करत आहेत, असा त्याचा अर्थ.

प्रश्न : पावसाळ्यात कासच्या पठारावर पाण्यात तुऱ्याची सुंदर वनस्पती दिसली. अशा रानातल्या वनस्पती टाकीत लावता येतील का? आणि छाटलेल्या फांद्या ओढ्यात सोडल्या तर चालते का? — एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्हींना उत्तर नाही असेच आहे. आपण पाहिलेली वनस्पती बहुधा वायतुरा असावी. जगात ती केवळ सह्याद्रीच्या मोजक्या पठारांवर आढळते, पावसाळी डबक्यांत फुलते आणि उरलेले वर्ष जमिनीखालच्या कंदात काढते. बारमाही भरलेल्या टाकीत तिला तो विसावा मिळणार नाही. ती मरेल आणि पठारावरचा एक कंद कायमचा कमी होईल. देशी झाड हवे असेल तर रोपवाटिकेतून नीरब्राह्मी आणावी, जाडसर लांबट पानांची. गोल पानांची ब्राह्मी म्हणून मिळते ती मंडूकपर्णी वेगळी. नीरब्राह्मी पाण्याखाली सावकाश पण सरळ वाढते.

छाटणी ओढ्यात मुळीच टाकू नये. आपल्या नद्या गुदमरवणारी जलपर्णी शोभेची वनस्पती म्हणूनच दक्षिण अमेरिकेतून बाहेर पडली. नको झालेले मासेही तळ्यात, विहिरीत सोडू नयेत. दुकानात परत द्यावेत. फांद्या गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात वाळवाव्यात आणि कुंडीतल्या खतात मिसळाव्यात. दर आठवड्याला काढलेले पाणीही, त्यात औषध किंवा मीठ घातलेले नसेल तर, कुंड्यांनाच घालावे.